गूगलच्या नावावर खपवलेले आकडे

‘एसईओचे (वेबसाइट शोधनिकालांत वर आणण्याच्या कामाचे) हे शब्द पाठ करा, गूगल याच आकड्यांवरून तुमच्या वेबसाइटची जागा ठरवतं,’ असं सांगणारी एक यादी सतत फिरत असते. कधी ती चित्राच्या रूपात येते, कधी पीडीएफ होऊन, कधी नुसता लांबलचक मेसेज म्हणून. आतला माल तोच: मेटा कीवर्ड भरा, कीवर्ड डेन्सिटी दोन ते तीन टक्के ठेवा, एलएसआय कीवर्ड पेरा, डोमेन ऑथॉरिटी वाढवा, बाउन्स रेट उतरवा, मजकूर कुठेही दुसऱ्यांदा दिसू देऊ नका नाहीतर पेनल्टी बसेल, लिंक विकत घ्यायची तर ‘डूफॉलो’च घ्या, आणि नको असलेली पानं रोबोट्स फाइलमध्ये टाकून लपवा. तळाशी सल्ला असतो की हे आकडे दर महिन्याला एजन्सीकडून मागून घ्या.

गोम इथेच आहे. यातले बरेचसे आकडे गूगलचे नाहीतच. काही साधनं विकणाऱ्या कंपन्यांचे आहेत, काहींची मुदत कधीच संपली आहे, आणि एक-दोन तर कुणाचेच नाहीत. शब्दांची गफलत एरवी चालूनही गेली असती, पण महिन्याचं बिल याच शब्दांवर ठरत असेल तर तपासून घेतलेलं बरं.

मेटा कीवर्डपासून सुरुवात करू, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या जागी शब्दांची यादी भरायची, ती ही पद्धत. न दिसणाऱ्या जागी माणूस वाटेल ते भरतो, आणि लोकांनी तेच केलं. वेब शोधात क्रम लावताना आपण हा टॅग वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं. मेटा डिस्क्रिप्शन ही वेगळी गोष्ट. तिच्यामुळेही क्रम वर चढत नाही, पण निकालाखालच्या दोन ओळी बऱ्याचदा तिथूनच उचलल्या जातात, तेव्हा ती नीट लिहावी. अर्थात तुम्ही लिहिलेली बाजूला ठेवून गूगल पानातलंच दुसरं वाक्य उचलू शकतं, त्याला इलाज नाही.

‘कीवर्ड डेन्सिटी, म्हणजे पानातल्या एकूण शब्दांत शोधशब्दाचं प्रमाण, 2 ते 3 टक्के हवी.’ हा आकडा कुठून आला, ते कुणीच सांगत नाही. गूगलने असं प्रमाण कधी ठरवून दिलेलं नाही. उलट शब्द कोंबणं हे त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतं. माहितीशोधाच्या शास्त्रातली बीएम25 सारखी जुनी सूत्रंही एखादा शब्द पानात किती वेळा आला ते मोजतात, पण त्यांत पहिल्या काही वेळांना वजन असतं आणि पुढच्या प्रत्येक वेळेला ते घटत जातं. विसाव्यांदा लिहिलेल्या शब्दाने जवळजवळ काहीच पदरात पडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची तर या आकड्यापायी वेगळीच फजिती होते. डेन्सिटी मोजणारी बहुतेक साधनं अख्खा शब्द जसाच्या तसा जुळवून पाहतात. तुम्ही सरळ मराठीत ‘घराचं छत’, ‘घराला ओल’, ‘घरांच्या भिंती’ असं लिहिलंत की त्या साधनाला ‘घर’ हा शब्द सापडतच नाही आणि ते लाल खूण दाखवतं. मग लिहिणारा ‘घर साठी ओल उपाय’, ‘घर मध्ये ओल आल्यास’ असलं काहीतरी लिहायला लागतो. साधन खूश होतं आणि वाचक दुसऱ्या ओळीला पळतो. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात विषय स्वच्छ सांगितला असेल तर टक्केवारीची खिडकी खुशाल बंद करावी.

एलएसआय कीवर्डचं मूळ मात्र गमतीचं आहे. लेटन्ट सिमँटिक इंडेक्सिंग ही खरी पद्धत आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती विकसित केली, ती मर्यादित आकाराच्या दस्तऐवजांच्या संग्रहासाठी. त्या काळी वर्ल्ड वाइड वेबच जन्माला आलेलं नव्हतं. पुढे कुणीतरी हे भारदस्त नाव ‘जवळच्या अर्थाचे शब्द’ विकणाऱ्या साधनांना चिकटवलं. ‘एलएसआय कीवर्ड असं काही नसतंच,’ असं गूगलच्या जॉन म्युलर यांनी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं. विषयाचा माणूस लिहायला बसला की संबंधित शब्द आपोआप येतात. ते येत नसतील तर अडचण शब्दांची नाही, लिहिणाऱ्याची आहे.

आता यादीतला सगळ्यात महागात पडणारा दावा: ‘डोमेन ऑथॉरिटी म्हणजे गूगलने तुमच्या साइटला दिलेले 100 पैकी गुण.’

डोमेन ऑथॉरिटी हे मॉझ नावाच्या खासगी कंपनीचं माप आहे. ही कंपनी स्वतःचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं आपोआप उघडून वाचणारा प्रोग्रॅम, फिरवून लिंका गोळा करते आणि एखादी साइट निकालांत वर दिसण्याची शक्यता किती, याचा अंदाज 1 ते 100 या पट्टीवर मांडते. अशाच दुसऱ्या कंपन्यांपैकी अहरेफ्सचं डोमेन रेटिंग वेगळं, सेमरशचा ऑथॉरिटी स्कोअर आणखी वेगळा. एकाच साइटला तिघांकडे तीन आकडे मिळतात, कारण प्रत्येकाने गोळा केलेल्या लिंका वेगळ्या आणि सूत्रही वेगळं. मॉझची पट्टी सरळही नाही, लॉगरिदमिक आहे: 20 चे 30 होतात, 70 चे 80 करताना दम निघतो. शिवाय माप सापेक्ष असल्यामुळे तुमचं काही न बिघडताही आकडा उतरू शकतो.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. गूगल एके काळी खरोखरच एक आकडा दाखवत असे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली पेजरँकची, म्हणजे पानाकडे येणाऱ्या लिंकांवरून त्याचं वजन ठरवण्याची पद्धत 2000 पासून ब्राउझरच्या टूलबारवर हिरव्या पट्टीच्या रूपात दिसायला लागली, 0 ते 10 या गुणांनी. त्या पट्टीने लिंकांचा बाजार उभा केला. लिंक कुठल्या गुणांच्या पानावरून मिळते, त्यावर भाव फुटायचा. 2016 मध्ये गूगलने तो दिसणारा आकडा बंद केला. आत मात्र पेजरँक वापरात होताच, हे 2017 मध्ये गूगलच्याच गॅरी इल्येस यांनी सांगितलं. बाजाराला आकड्याशिवाय करमत नाही, म्हणून त्या रिकाम्या खुर्चीत डोमेन ऑथॉरिटी येऊन बसली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा प्रतिवाद लंगडा पडेल. मे 2024 मध्ये गूगलची काही अंतर्गत तांत्रिक कागदपत्रं बाहेर आली आणि त्यांत ‘साइट ऑथॉरिटी’ नावाची एक नोंद सापडली. म्हणजे अख्ख्या साइटचा काही एक विचार आत होत असणार. पण त्या नोंदीला किती वजन आहे, हे त्या कागदांत नव्हतं. शिवाय ती नोंद आणि मॉझचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध नाही. मॉझचा आकडा फुगवता येतो: बंद पडलेली जुनी डोमेन विकत घ्यायची, त्यांच्या लिंका तुमच्याकडे वळवायच्या. मग अहवालात डोमेन ऑथॉरिटी 12 ची 31 होते, आणि सर्च कन्सोलमधली (शोधात साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या साधनातली) क्लिकची रेघ जमिनीला समांतर पडून राहते. असे अहवाल मी पाहिले आहेत. आलेख हिरव्या रंगात असतो.

‘बाउन्स रेट जास्त असेल तर गूगल साइटला खाली ढकलतं.’ बाउन्स म्हणजे ढोबळमानाने एक पान पाहून परत गेलेली भेट. समजा एकाने शोधलं, ‘लीप वर्ष कसं ओळखायचं.’ तो तुमच्या पानावर आला. 4 ने भाग जातो ते लीप वर्ष, पण शतकाच्या वर्षाला 400 ने भाग जायला हवा, म्हणून 1900 लीप नव्हतं आणि 2000 होतं, हे त्याने दोन मिनिटं शांतपणे वाचलं. शंका फिटली, टॅब बंद. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या साधनात, युनिव्हर्सल ॲनॅलिटिक्समध्ये, हा बाउन्स धरला जायचा, कारण त्याने दुसरं पान उघडलं नाही. वर वेळही शून्य लागायचा, कारण पुढची क्लिकच नाही. जुलै 2023 मध्ये ते ॲनॅलिटिक्स बंद झालं. आताच्या जीए4 (गूगल ॲनॅलिटिक्स 4) मध्ये 10 सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा ठरवलेली कृती घडलेली भेट ‘गुंतलेली’ मानतात, आणि उरलेल्या भेटींचं प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. म्हणजे तोच माणूस, तीच दोन मिनिटं. जुन्या हिशेबात बाउन्स, नव्यात नाही. हा फरक न सांगता ‘आम्ही बाउन्स रेट अर्ध्यावर आणला’ म्हणणाऱ्या अहवालावर सही करू नये.

क्रम लावताना ॲनॅलिटिक्सचा डेटा वापरत नाही, असं गूगल सांगत आलं आहे. कित्येक साइटवर ॲनॅलिटिक्स बसवलेलंच नसतं, तेव्हा त्यावर क्रम लावणार तरी कसा? मात्र क्लिकशी गूगलला काहीच देणंघेणं नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात 2023 मध्ये गूगलच्या पांडू नायक यांनी साक्ष दिली, त्यात नॅवबूस्ट या यंत्रणेचा उल्लेख आला. ही यंत्रणा शोधनिकालांवरच्या क्लिकचा 13 महिन्यांचा डेटा वापरते. निकालाच्या पानावर लोक काय करतात ते गूगलला दिसतं, आणि ते मोजलंही जातं. तुमच्या ॲनॅलिटिक्समधला टक्का हा तो आकडा नव्हे.

डुप्लिकेट मजकुराच्या पेनल्टीचं थोडक्यात. सरसकट अशी पेनल्टी नाही, हे गूगलने 2008 मध्येच लिहिलं होतं. सारखी पानं सापडली की त्यांतलं एक निवडून दाखवतात, इतकंच. कुठलं निवडावं हे सुचवायला 2009 पासून कॅनॉनिकल टॅग, म्हणजे मूळ पान कुठलं ते सांगणारी कोडमधली खूण, आहे. दुसऱ्यांच्या साइटवरून पोत्याने मजकूर उचलणाऱ्यांवर कारवाई होते, पण ती चोरीबद्दल. आणि खरी कारवाई, म्हणजे माणसाने तपासून केलेली मॅन्युअल ॲक्शन, सर्च कन्सोलमध्ये नावानिशी दिसते. तिथे काही नसेल तर ‘तुम्हाला पेनल्टी लागली आहे, आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याला आधी तो संदेश दाखवायला सांगा.

‘डूफॉलो’ तर एचटीएमएलमध्ये अस्तित्वातच नाही. नोफॉलो आहे, म्हणजे ‘ही लिंक शिफारस म्हणून धरू नका’ असं शोधयंत्राला सांगणारी खूण; कमेंटमधल्या स्पॅमला आळा घालायला तो 2005 मध्ये आला. साधी लिंक ही साधी लिंकच. 2019 मध्ये गूगलने जाहीर केलं की नोफॉलोला आता आज्ञा न मानता इशारा मानू, आणि पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’, लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ अशी दोन लेबलं दिली. तेव्हा ‘पैसे मोजून डूफॉलो घ्या’ हा यादीचा सल्ला म्हणजे नियम मोडायला स्वतः पैसे भरणं.

शेवटचा मुद्दा रोबोट्स फाइलचा, आणि इथे यादी नुसती चुकत नाही, नुकसान करते. मार्टाइन कोस्टर यांनी 1994 मध्ये सुचवलेली ही फाइल क्रॉलरला ‘इथे येऊ नका’ इतकंच सांगते. ‘हे पान यादीत घेऊ नका’ असं ती सांगत नाही. बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर आत न शिरताही गूगल पत्ता नोंदवतं, आणि निकालांत तो वर्णनाशिवाय दिसू शकतो. पान निकालातून काढायचं तर त्यावर नोइंडेक्स, म्हणजे ‘यादीत घेऊ नका’ असं सांगणारा टॅग, हवा. पुष्कळजण खबरदारी म्हणून दोन्ही लावतात, आणि तिथेच फसतात: रोबोट्स फाइलने दार बंद केल्यामुळे क्रॉलर पान उघडतच नाही, मग आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? वर ही फाइल कुणीही उघडून वाचू शकतो. गुपित फोल्डरचं नाव तिथे लिहिणं म्हणजे पत्ताच देणं. खाजगी पानाला पासवर्ड लावा.

यादीत इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं), सीटीआर (त्यातून किती टक्के क्लिक आले) आणि सरासरी स्थान यांना जेमतेम एकेक ओळ आहे, खरं तर गूगल स्वतः तुम्हाला देतं ते हेच आकडे. 1,000 वेळा दिसून 30 क्लिक आले तर सीटीआर 3 टक्के, त्यात गूढ काही नाही. सरासरी स्थान मात्र जपून वाचावं. एका शोधात तुमचं पान 100 वेळा चौथ्या जागी दिसत होतं. पुढच्या महिन्यात तेवढंच टिकून, आणखी एका शोधात ते 100 वेळा चाळिसाव्या जागी दिसायला लागलं. सरासरी 4 वरून 22 वर गेली. बिघडलं काहीच नाही, उलट एक नवा शोध मिळाला.

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने एसईओ करणारा नेमताना घ्यायच्या काळजीत लिहूनच ठेवलं आहे. महिन्याला मागायचंच असेल तर सर्च कन्सोलमधले क्लिक मागा, शोधशब्दांनुसार आणि पानांनुसार वेगळे. आणि त्या खात्याची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवून एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा.