हत्ती गेला, शेपूट राहिलं

मेहुण्याला कंपनीने बर्लिनला पाठवायचं ठरवलं आणि बर्लिनहून आलेली त्याची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस ॲडव्हेंचर मोटरसायकल विकायला निघाली. "दाजी, घरातच राहू दे. एकदा लांब चालवून बघा, पटली तर घेऊन टाका." आमची ही म्हणाली, "बघा, पण बघूनच या."

माझं वय ५१, उंची ५ फूट ५ इंच आणि गेली १४ वर्षं बुडाखाली स्प्लेंडर. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. ही २६८. घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर तीसेक किलोचं धरलं तर नऊ सिलिंडर झाली, आणि सिलिंडर मी आजवर एका वेळी एकच, तेही तिरकं करून गरगर फिरवत सरकवलेलं आहे. सीट खालच्या खाचेत बसवली तरी जमिनीपासून ८९० मिलिमीटर. डावा पाय टेकला की उजवा पहिलीतल्या पोरासारखा बाकावरून लोंबकळायचा. उजवा टेकवावा तर डावा. इंजिनाचे दोन सिलिंडर पखालीच्या रेड्यासारखे दोन्ही अंगांना बाहेर आलेले. उभ्या उभ्या मूठ पिळली की सगळं धूड एका बाजूला हिसका देतं. मेहुणा शेजारी उभा राहून इतिहास सांगत होता. म्हणे पहिली जीएस १९८० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिस-डकारची शर्यत मारली. मला वाईला जायचं होतं.

पंपावरच्या पोराने सवयीने विचारलं, "शंभरचं?" मी म्हटलं, "फुल्ल कर." टाकी ३० लिटरची. आकडा तीन हजारांच्या पुढे गेला तसा तो माझ्याकडे न बघता गाडीकडेच बघायला लागला.

आता खरं सांगतो. कात्रज मागे पडलं आणि ते नऊ सिलिंडर कुठे गेले कळलं नाही. गाडी एकदा हलली की वजन नावाची गोष्टच उरत नाही. पुढच्या काचेसाठी एक गोल मूठ आहे, ती फिरवली की काच वर येते आणि वारा डोक्यावरून जातो. स्प्लेंडरवर शिरवळ येईपर्यंत मला माझा एकेक मणका स्वतंत्र कळायला लागतो. इथे शिरवळ आलं तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. खंबाटकीच्या चढाला ट्रक धापा टाकत होते आणि मी गिअर न बदलता, नुसती मूठ जराशी वळवून त्यांना मागे टाकत होतो. मुठी गरम करायची सोयही आहे. ती मे महिन्यात चुकून चालू झाली. बंद कशी करायची ते सापडेपर्यंत हात भाजलेल्या वांग्यासारखे झाले, पण तो दोष माझ्या चष्म्याचा.

लिटरला वीसच्या आसपास धरा, म्हणजे एका टाकीत ६०० किलोमीटर. पुण्याहून निघालो तर गोवा ओलांडून जाईन, अशा हिशोबात मी होतो. (मुंबईला मात्र जुन्याच रस्त्याने, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धीवरही तेच. वीस लाखांवरच्या गाडीला टोलनाक्यावर मात्र स्प्लेंडरइतकाच टोल पडतो: शून्य.) मनातल्या मनात गाडी मी घेऊन टाकली होती.

सुरूर फाट्याला वळलो आणि चहाची हुक्की आली. टपरीपुढची जागा रस्त्यापासून खाली उतरती. सावली बघून गाडी नाक खाली करून थेट कडुलिंबाखाली घातली. चहा होईपर्यंत भोवती दहा-बाराजण जमले. किती सीसी, केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय देते. "मेहुण्याची आहे," म्हणून मी किमतीचा प्रश्न टोलवत होतो.

निघायची वेळ झाली. बसलो, स्टँड काढला आणि ध्यानात आलं की पुढे झाड आहे आणि मागे चढ आहे. चवड्याच्या टोकांनी मुरूम उकरत रेटा दिला. गाडी बोटभर मागे आली आणि वीतभर पुढे गेली. पुन्हा. पुढचं चाक बुंध्याला टेकलं. दहा-बाराजण अतिशय शांतपणे बघत होते. मी मोबाइल काढून उगाचच मेसेज आल्यासारखं केलं.

एक पटकेवाले आजोबा पुढे आले. "रिवर्स गेर टाका की."

"नाही हिला."

"न्हाय?"

"नाही."

"ईस लाखाच्या गाडीला?" ते मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरला हाय."

मग पाचजण लागले. दोघांनी समोरून रेटायचं, दोघांनी मागच्या पेट्यांना धरायचं आणि पाचव्याने "हां, येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. मी वर बसून स्टिअरिंग सरळ धरलं. मिरवणुकीतल्या नवरदेवालाही याहून जास्त काम असतं. रस्त्यावर आल्यावर आजोबांनी सीटवर थाप मारली. "म्हस याहून जड असती, पर हाळी दिली की मागं सरती."

वाई रद्द केली. परत येताना खंबाटकीचा बोगदा, इंजिनाचा भरदार आवाज, रिकामा रस्ता, सगळं जातानासारखंच सुरेख होतं. पण मला डोळ्यांपुढे आमच्या सोसायटीचं तळघर दिसत होतं. उतार, वळण, खांब, आणि खांबाला चिकटून जोशीकाकांची नवीकोरी गाडी.

फाटकाशी थांबलो. वॉचमनने दार उघडलं. मी डावा पाय टेकवून, उजवा लोंबकळत ठेवून, इंजिन चालू ठेवूनच मेहुण्याला फोन लावला.

"काय दाजी, पसंत पडली?"

"फार. खाली ये आणि आत लाव."