तोच ना, पेनल्टी घालवलेला?

इटलीचा फुटबॉलपटू रॉबर्टो बॅजिओ याचा भक्त असणं हा अर्धवेळ वकिलीचा धंदा आहे. पेले, मॅराडोनाचे चाहते नुसतं नाव घेतात, समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. आम्ही नाव घेतलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "तोच ना, पेनल्टी घालवलेला?"

परवा तर डेंटिस्टनं विचारलं. माझ्या निळ्या, दहा नंबरच्या टी-शर्टावरून त्यांनी बरोबर ओळखलं. पण विचारलं कधी, तर माझा जबडा सुन्न, गालात कापसाचे बोळे आणि ओठाला लाळ ओढणारी नळी अडकवलेली असताना. "अँ... आँ..." एवढाच बचाव मला करता आला. "दुखतंय का?" ते म्हणाले. दुखत होतंच, पण दाढेत नव्हे.

मग खुर्चीत आडवा पडून डोक्यावरच्या दिव्यापुढे मी मनातल्या मनात खटला चालवला. तारीख १७ जुलै १९९४, स्थळ अमेरिकेतल्या पॅसडेनाचं रोझ बोल स्टेडियम, वर्ल्ड कप फायनल, इटली विरुद्ध ब्राझील. १२० मिनिटं झाली तरी शून्य-शून्य. मग शूटआउट, म्हणजे दोन्ही संघांना पाच-पाच पेनल्टी किक. त्यात इटलीची पहिलीच किक बरेसीनं बारवरून मारली. मासारोची ब्राझीलचा गोलकीपर ताफारेलनं अडवली. शेवटची, पाचवी बॅजिओची, तीही गेली. म्हणजे घालवणारे तिघं, आणि खापर फुटलं एकाच्या डोक्यावर, कारण तो शेवटचा! शिवाय बॅजिओनं गोल केला असता, तरी बरोबरीच झाली असती. ब्राझीलची पाचवी किक अजून बाकी होती आणि ती घ्यायला बेबेतो तयार होता. पण हे सांगायला कापूस काढावा लागतो.

मुळात इटली फायनलला पोचली कुणामुळे? गटात आयर्लंडकडून हरली, कशीबशी तिसरी आली आणि पुढे सरकली. नायजेरियाविरुद्ध एक गोलनं मागे, त्यात झोलाला लाल कार्ड, माणसं दहा. ८८व्या मिनिटाला बॅजिओ. जादा वेळेत परत बॅजिओ, आणि तोही पेनल्टीवर! स्पेनविरुद्ध पुन्हा ८८वं मिनिट, पुन्हा तोच. सेमीफायनलला बल्गेरियाविरुद्ध दोन. बाद फेरीतल्या सहापैकी पाच गोल त्याचे. सहावा दिनो बॅजिओचा, आणि तो त्याचा कुणीही नाही. (हेही मला दर वेळी वेगळं सांगावं लागतं.) फायनलला तो उतरला, तेव्हा मांडीचा स्नायू दुखावलेला होता.

एवढं सगळं केलं, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? तर कमरेवर हात ठेवून खाली मान घातलेला एक माणूस.

लहानपणी मला त्याच्यासारखा खेळ जमणार नाही, हे लवकरच कळलं होतं. म्हणून मी त्याच्या पोनीटेलवर लक्ष केंद्रित केलं. इटलीत त्याला 'दैवी पोनीटेल' म्हणायचे. माझी मानेवर कशीबशी बोटभर आली. आमच्या वडिलांना तिच्यात दैवी असं काही दिसलं नाही आणि त्यांनी मला स्वतः न्हाव्याकडे नेऊन बसवलं. पुढं मी स्वतः कमावता झालो, विचारणारं कुणी उरलं नाही, तोवर केसांनीच निवृत्ती जाहीर केली. आता भक्ती आहे, टी-शर्ट आहे, बांधायला काही नाही.

गेल्या रविवारी हा सगळा खटला मी लेकीपुढे चालवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण बाबा, बेबेतोसुद्धा चुकला असता तर?"

ही शक्यता बचाव पक्षाच्या कागदपत्रांत नव्हती. मी घाईघाईनं १९९८ काढलं. चिलीविरुद्ध इटली १-२ अशी मागे, सामना संपत आलेला, इटलीला पेनल्टी मिळते. चार वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये पुन्हा तोच ठिपका, तोच माणूस. आणि गोल! सांगताना माझा आवाज चढला होता.

"मग जिंकले?"

"नाही, बरोबरी. पण पुढं क्वार्टरफायनलला गेले."

"तिथं जिंकले?"

"फ्रान्सकडून शूटआउटमध्ये हरले. पण यानं त्याची पेनल्टी मारली हां! पहिलीच! घालवल्या त्या अल्बर्टिनीनं आणि दी बिआजोनं. आणि १९९० च्या सेमीफायनललासुद्धा..."

"तेव्हा पण पेनल्टीवर हरले?"

"हो, पण तेव्हाही यानं मारली होती!"

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "बाबा, लहानपणी तुला जिंकणारं कुणी आवडलंच नाही का रे?"