करडा रंग आणि कोंबडीचं अंडं: ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून नीट उत्तर देते. तुमचं म्हणणं असं: ठाणे खाडीत फ्लेमिंगोंची करडी पिल्लं दरवर्षी दिसतात, मग ते इथे वीण करत नाहीत असं मी कसं लिहिलं? आणि अंडं घालण्याआधीच गर्भाची वाढ सुरू होते हे माझं वाक्य तुमच्या सरांनी शिकवलेल्याच्या विरुद्ध आहे. शेवटी टोमणाही आहेच, 'मग फ्रिजमधल्या अंड्यातही जीव म्हणायचा का?'

करड्या रंगावरून वय कळतं, जन्मगाव नाही. पिल्लू अडीच-तीन महिन्यांत उडायला लागतं, गुलाबी व्हायला मात्र दोन-तीन वर्षं जातात. कच्छच्या रणात जन्मून स्वतःच्या पंखांनी ऐरोलीला पोचलेला पक्षीही करडाच दिसणार. पुढच्या वेळी चोच बघा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची चोच सरळ असते, बाक नंतर येतो. शिवाय फ्लेमिंगो चिखलाचा बुटका ढीग रचून त्यावर बहुधा एकच अंडं घालतात आणि नर-मादी आळीपाळीने जवळपास महिनाभर उबवतात. आपल्या खाडीला दिवसातून दोनदा भरती. असलं घरटं इथे किती तास टिकेल?

आता अंडं. कोंबडीत फलन होतं ते अंडनलिकेच्या वरच्या टोकाला, बलकावर पांढरं चढण्याआधी. तिथून बाहेर यायला साधारण एक दिवस लागतो, त्यातला बराचसा वेळ कवच तयार होण्यात जातो. तेवढ्या वेळात पेशींचं विभाजन जोरात चाललेलं असतं. अंडं घातलं जातं तेव्हा बलकावरच्या त्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी असतात. बाहेरच्या गारव्यात वाढ थांबते आणि कोंबडी बसली की पुन्हा सुरू होते. तुमच्या सरांनी शिकवली ती ही दुसरी सुरुवात. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, तेही याच टप्प्यात.

हे थांबणं फार कामाचं आहे. कोंबडी रोज फार तर एक अंडं घालते. पहिल्याची वाढ थांबलीच नसती, तर दहाव्या अंड्यातलं पिल्लू बाहेर येईपर्यंत पहिलं आठवडाभर अंगणात हिंडत असतं आणि आई मात्र खुराड्यात अडकलेली. सगळी अंडी एकदम उबेला लागतात, म्हणून २१ दिवसांनी पिल्लं जवळजवळ एकत्र फुटतात.

राहिला फ्रिज. दुकानातली अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतोच. फलन नाही, तर गर्भ कुठला? गावठी अंडं मात्र फलित असू शकतं. बशीत फोडून ठिपका बघा. लहान, गच्च पांढरा आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अफलित. मोठा, गोल आणि कडेला कंकणासारखा दिसला तर फलित.