खुलासा : जन्मसालावरून पिढी, पिढीवरून स्वभाव?

‘१९४६ ते ६४ बूमर, काटकसरी, १९८१ ते ९६ मिलेनियल, चंचल, १९९७ नंतरचे जेन झी, उद्धट. शास्त्राने सिद्ध!’ असा मजकूर सध्या पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. सिद्ध वगैरे काही झालेलं नाही.

सालं मुळात अमेरिकेची. महायुद्धानंतर तिथे जन्म वाढले, साठीच्या दशकात ओसरले, म्हणून ‘बूमर’ (बूम म्हणजे अचानक वाढ). मिलेनियल आणि जेन झी यांच्यातली १९९६ची रेघ प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने अभ्यासाच्या सोयीसाठी ओढली, आणि २०२३मध्ये त्याच संस्थेने ही लेबलं यापुढे जपून वापरू असं सांगितलं. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने तर १९२८मध्येच लिहून ठेवलंय की नुसतं एका सुमाराला जन्मून पिढी होत नाही, एकत्र अनुभवलेल्या घटनांनी होते.

आपल्याकडची रेघ म्हणाल तर १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात चढणारं पाणी माझ्या आत्याने पाहिलं. आत्या अजून सगळी कागदपत्रं माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते. तिचा सख्खा भाऊ पुरानंतरचा, १९६२चा. त्याला गेल्या महिन्याचं लाइटबिलसुद्धा सापडत नाही. तक्त्याप्रमाणे दोघंही बूमर!