हरवलेलं केंद्र

वर्तुळ काढण्याचे घरगुती मार्ग दोन. एक कर्कटकाचा, दुसरा डब्याच्या झाकणाचा. मी दुसरा धरला आणि रविवारची अख्खी संध्याकाळ घालवून बसलो.

मुलीला पुठ्ठ्याचं घड्याळ करायचं होतं. कंपासपेटीतल्या कर्कटकाचा स्क्रू ढिला. पेन्सिल अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत त्याचे पाय हळूहळू फाकत जायचे आणि रेघ जिथून निघाली तिथे परत यायचीच नाही, शेजारून निघून जायची. केंद्रापासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं, ही वर्तुळाची एकमेव अट. ती मला पाठ होती, कर्कटकाला नव्हती. शेवटी पुठ्ठ्यावर झाकण ठेवलं, पेन्सिल फिरवली, कात्रीनं कापलं. सुबक चकती!

"बाबा, काटे कुठे लावायचे?"

"मध्यावर."

"मध्य कुठंय?"

आता आली का पंचाईत! कर्कटक कितीही दळभद्री असलं तरी केंद्राला टोचून मगच कामाला लागतं. झाकणाला केंद्राशी काही देणंघेणंच नसतं.

मी अंदाजानं भोक पाडलं, टाचणी खोचून काटा लावला. चारच्या बाजूला काटा पुठ्ठ्याबाहेर डोकावू लागला आणि दहाच्या बाजूला कडेपर्यंत पोचेना. दुसरं भोक. मग तिसरं.

मग शास्त्राचा आधार घेतला. वर्तुळाच्या कडेवरचे दोन बिंदू जोडणारी रेघ ती जीवा आणि व्यास म्हणजे सगळ्यांत मोठी जीवा. पट्टी सरकवत जायचं, जिथे लांबी सर्वांत जास्त भरेल तो व्यास, त्याचा मध्य ते केंद्र. कागदावर यात काही खोट नाही. पण पट्टी एकदा वीस सेंटिमीटरवर आली की तिथून हलायलाच तयार नाही. थोडी वर सरकवा, वीस. खाली सरकवा, वीसच. जीवा मोजता मोजता जीव मेटाकुटीला आला. नंतर हिशेब केला तेव्हा गोम कळली. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात जीवा केंद्रापासून चक्क एक सेंटिमीटर दूर गेली, तरी तिची लांबी घटते जेमतेम एक मिलिमीटर. अर्धा सेंटिमीटर दूर असेल तर पाव मिलिमीटर! तेवढा फरक माझ्या चष्म्याला कुठून दिसणार? चौथं भोक असं पडलं.

कागदाची चकती असती तर दोनदा दुमडून घड्यांच्या छेदावर केंद्र मिळालं असतं. जाड पुठ्ठा दुमडल्यावर जे झालं, ते सांगत नाही. दुसरी चकती कापावी लागली, एवढं पुरे. भोकं मात्र मी आठवणीनं पुढे मोजत राहिलो.

मुलगी हे सगळं बघत होती. म्हणाली, "दोन जीवा काढा आणि त्यांचे लंबदुभाजक, म्हणजे त्यांच्या मध्यातून जाणारे लंब, काढा. जिथे छेदतील ते केंद्र." केंद्र जीवेच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर, म्हणून ते तिच्या लंबदुभाजकावर असणारच. ग्रीक गणिती युक्लिडनं 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातलं पहिलंच विधान दिलेल्या वर्तुळाचं केंद्र शोधण्यावर खर्च केलंय. त्याच्या घरीही कुणीतरी झाकण वापरत असणार.

मी उत्साहानं दोन जीवा ओढल्या. त्या जवळजवळ समांतर निघाल्या, त्यामुळे लंबदुभाजकही एकमेकांना बिलगून चालले आणि छेदनबिंदूच्या जागी पेन्सिलीचा एक लांबट डाग उमटला. त्यात कुठेही केंद्र असू शकलं असतं. पाचवं भोक. तिनं पट्टी काढून घेतली, एक आडवी आणि एक उभी अशा जीवा ओढल्या, मध्यबिंदू मोजले, गुण्या लावून लंब टाकले. टिचकीसरशी बिंदू हाती आला.

बापाची अब्रू राखायला मी वहीचा काटकोनी कोपरा चकतीच्या कडेवर टेकवला. अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो, म्हणून वहीच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो. असे दोन व्यास काढले. ते नेमके तिच्या बिंदूतच छेदले. एकीकडे आनंद झाला, एकीकडे नाही.

उरली कडेची रंगीत पट्टी. "व्यासाच्या तिप्पट," म्हणत मी ताठ मानेनं साठ सेंटिमीटरची कापली. जवळजवळ तीन सेंटिमीटरची फट राहिली. आर्यभटानं इ.स. 499 मध्ये 20,000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832 सांगितला आणि वर 'आसन्न', म्हणजे जवळपास, असंही म्हणून ठेवलं. माझ्या वीसच्या चकतीला त्याच्या हिशेबानं 62.832 सेंटिमीटर लागत होते. इतकं तयार उत्तर दीड हजार वर्षं पडून असताना मी तीननं गुणत होतो. शाळेतले बावीस सप्तमांश घेतले असते तरी चूक फक्त पाव मिलिमीटरची झाली असती.

(लहानपणी 'लघुकंस' आणि 'विशालकंस', म्हणजे वर्तुळाच्या कडेचा लहान आणि मोठा तुकडा, हे मला मथुरेच्या मामाचे दोन भाऊ वाटायचे. फटीच्या जागचा तुकडा चिकटवताना मुलगी म्हणाली, "बाबा, हा लघुकंस." पाया पक्का नसला की असं ऐकून घ्यावं लागतं.)

आकडे लिहायच्या आधी तिनं कर्कटकाचा स्क्रू नखानं दोनदा फिरवला. तो घट्ट बसला. इतकंच करायचं होतं होय! मग त्रिज्येएवढं अंतर घेऊन तिनं कडेवर खुणा केल्या. बरोबर सहा बसल्या, सातवी पहिलीवरच आली. त्यांच्या मधोमध आणखी सहा, झाले बारा तास.

जुन्या-नव्या चकत्या मिळून भोकं सहा झाली होती. खरं कुठलं ते मला कळावं म्हणून तिनं त्याच्याभोवती लाल पेनानं हातानंच एक गोल काढला. तो चांगलाच लंबगोल आला. मी काही बोललो नाही.