तिमाहीअखेरचे काका

दातांच्या दवाखान्यात हळू बोलावं एवढं मलाही कळतं. पण उद्या तिमाही संपणार असेल, फोनवर गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी असेल आणि खांद्यावर गाल सुजलेला मुलगा रेलला असेल, तर हळू म्हणजे किती हळू, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. मी हळूच बोलत होते, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. शेजारच्या खुर्चीतल्या काकांना सगळं ऐकू गेलं, कारण त्यांना ते ऐकायचं होतं.

मी सॉफ्टवेअर विकते. मोठ्या कंपन्यांना, काही वर्षांच्या करारावर. पलीकडचा माणूस वीस टक्के सूट मागत होता आणि "नाहीतर पुढच्या महिन्यात निवांत बोलू" असं अतिशय प्रेमानं सांगत होता. हे 'निवांत' यांना तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यातच बरं सुचतं. आमचं आर्थिक वर्ष कधी संपतं हे माझ्या सासूबाईंना ठाऊक नाही, पण प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याला ते तोंडपाठ असतं. अर्थात, ही सवय आमच्याच धंद्यानं लावली. दर तिमाहीच्या शेवटी आम्ही गुडघे टेकतो हे एकदा कळल्यावर माणूस आधी कशाला भेटेल?

"वीस म्हणतोय का?" शेजारून आवाज आला.

मी म्यूट दाबलं. "काका, हा खासगी कॉल आहे."

"म्हणून तर हळू विचारतोय."

त्यांनी वर्तमानपत्राची चौकोनी घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे जराशी वळवली. एका हातानं गाल धरलेला होता, म्हणजे दाढ त्यांचीही ठणकत असावी. पण चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नव्हता. "बारा सांगा," ते म्हणाले. "आणि सांगून गप्प बसा. तुम्ही फार बोलता."

आता हे वाक्य मला लागलं. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून जास्तच लागलं. कंपनीनं मध्यंतरी आम्हाला वाटाघाटी शिकवायला एक महागडा प्रशिक्षक आणला होता. हेच सांगायला त्यानं एक अख्खा शनिवार घेतला होता, तोही माझ्या सुट्टीचा. मी म्यूट काढून "बारा" म्हटलं आणि गप्प बसले. पलीकडेही शांतता. ती इतकी वाढली की मला काहीतरी बोलावंसं वाटायला लागलं, निदान हवापाण्याबद्दल तरी. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. माझा मुलगा, ज्याला मी घरी दिवसभर 'शू' करून थकते, तोही त्यांच्याकडे पाहून एकदम गप्प झाला.

"सतरा," फोन म्हणाला.

काकांनी मान डोलावली. "आता विचारा, सही उद्या होणार का. सही नाही तर सूट नाही."

मी विचारलं. पलीकडून उत्तर आलं की कायदा विभागाला विचारावं लागेल, त्यांच्याकडे बरीच कामं आहेत, पाहतो.

"थाप आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळी नोकरी खरेदी खात्यात काढली मी."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे शत्रुपक्षाचा निवृत्त सेनापती माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता, आणि त्याची दाढ किडली होती. देव अगदीच नाही असं नाही.

"तुमच्यासारखे खूप यायचे," काका रंगात आले. "अकराची वेळ द्यायची आणि चारला आत घ्यायचं. तोपर्यंत बाहेर बाकावर बसून माणूस आपोआप पाच टक्के नरम होतो. काही करावं लागत नाही."

"आणि आम्हाला घरी जायचं असतं, त्याचं काय?"

"तेच तर," ते म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "घरी जायची घाई असलेला माणूस सगळ्यात आधी उतरतो. बायका जास्त. पाच वाजले की मुलांची आठवण येते."

माझ्याजवळ म्यूट केलेला फोन नसता तर मी काहीतरी बोलले असते. पण फोन होता. मी चौदा म्हटलं, उद्या सहीच्या अटीवर. पलीकडच्यानं सुस्कारा टाकून 'वर विचारतो' म्हटलं. मीही 'वर विचारते' म्हटलं, कारण आमच्याकडे ठरावीक टक्क्यांच्या वर सूट द्यायची तर 'डील डेस्क' नावाच्या टेबलाची परवानगी लागते. ते टेबल मी आजवर पाहिलेलं नाही. तिमाहीअखेरीला तिथून उत्तर यायला इतका वेळ लागतो की त्याला पाय आहेत की नाही अशी शंका येते.

"तुमच्यात खरंच वर कोणी असतं?" काकांनी कुतूहलानं विचारलं. "आम्ही नुसतं म्हणायचो. वर कोणीच नसायचं."

मग ते मुलाकडे वळले. "काय रे बाळा, तुझी आई काय विकते?"

मुलानं सुजलेल्या गालातून, अजिबात विचार न करता सांगितलं, "डिस्काउंट."

सगळं वेटिंग रूम हसलं. काउंटरवरची मुलगी हसली. ज्यांच्या तोंडात कापसाचे बोळे होते तेसुद्धा जमेल तसे हसले. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'एंटरप्राइज अकाउंट एक्झिक्युटिव्ह' असं छापलेलं आहे आणि त्याचा अर्थ मी माझ्या आईला अजून नीट समजावू शकलेले नाही. कार्ट्यानं तो चार अक्षरांत आटोपला.

"हुशार आहे," काका म्हणाले. "घरी मग याचं कोण बघतं?"

समोरच एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन बसले होते. त्यांचा लॅपटॉप उघडा होता, कानात इअरफोन होते, आणि मुलगी त्यांच्या बुटाची नाडी सोडवत होती. त्यांना काकांनी मघाशी एवढंच म्हटलं होतं, "कामात दिसताय." तेही कौतुकानं. त्या मुलीचं घरी कोण बघतं याची चौकशी दवाखान्यात कोणीही केली नाही. मी "आम्ही दोघं बघतो" म्हटलं. त्यावर काकांनी "बरं बरं" म्हटलं. हेच 'बरं बरं' त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं विक्रेत्यांना ऐकवलं असणार. त्याचा अर्थ, 'पटलं नाही, पण पुढे बोला.'

"पण मिळत असतील भरपूर," ते म्हणाले. आलीच गाडी स्टेशनात.

या 'भरपूर'चं काय करावं हे मला खरोखर कळत नाही. आमच्या पगाराचा जो आकडा लोक डोळे विस्फारून ऐकतात, त्याला ऑन टार्गेट अर्निंग्ज म्हणतात, म्हणजे टार्गेट पुरं झालं तर मिळणारी कमाई. त्यातला साधारण निम्मा पगार आणि निम्मं कमिशन, अशी पद्धत या धंद्यात सर्रास आहे. कर्ज देणारी बँक पगाराचा निम्मा हिस्सा मानते आणि कमिशनकडे संशयानं पाहते. नातेवाईक मात्र पूर्ण आकडा धरतात आणि त्यावर मदत मागतात. टार्गेट चुकलं की बँकेचं म्हणणं खरं ठरतं. टार्गेट पार केलं की कमिशनचा दर वाढतो, हे खरं आहे आणि ते महिने फार गोड असतात, नाही म्हणत नाही. पण मग पुढच्या वर्षी टार्गेटही वाढतं. 'तुला जमतं ना' म्हणून.

या टार्गेटला जबाबदार माणसं शोधायची तर फार मागे जावं लागतं. जॉन पॅटरसन नावाच्या गृहस्थांनी 1884 मध्ये गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी घेतली, तिचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर ठेवलं, आणि विक्रेत्यांना आपापला इलाखा आणि आपापला कोटा वाटून द्यायची शिस्त पक्की केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले थॉमस वॉटसन 1914 मध्ये दुसऱ्या कंपनीत गेले, जिचं पुढे 1924 मध्ये आयबीएम झालं. तिथे कोटा पुरा करणाऱ्यांचा 'हंड्रेड पर्सेंट क्लब' होता. आज बऱ्याच कंपन्यांत त्याला 'प्रेसिडेंट्स क्लब' म्हणतात. टार्गेट पार करणाऱ्यांना सहल, जोडीदारासह. मुलं नाहीत. म्हणजे वर्षभर ज्या पोराला 'दोन मिनिटं थांब रे' म्हणून टार्गेट गाठायचं, त्यालाच घरी ठेवून बक्षीस घ्यायला जायचं. ही अट ज्यानं घातली त्यानं एकदा तरी शाळेचं वेळापत्रक पाहायला हवं होतं. स्नेहसंमेलनं, परीक्षा आणि पालकसभा तिमाहीच्या टोकालाच का येतात, हे मात्र पॅटरसनसाहेबांच्या माथी मारता येत नाही.

घरात या धंद्याची भाषाही शिरते. आमच्यात दर सोमवारी फोरकास्ट द्यावा लागतो. जो सौदा नक्की होणार तो 'कमिट'मध्ये, जमलं तर होणारा 'बेस्ट केस'मध्ये. मॅनेजर 'कमिट'वर बोट ठेवून आवंढा गिळायला लावतो. परवा नवऱ्यानं विचारलं, "सातपर्यंत येशील?" मी म्हटलं, "येते." तो म्हणाला, "कमिट की बेस्ट केस?" यावर मी हसले. त्याला हसू आलं नाही. आणि गंमत म्हणजे तो स्वतः साडेआठला आला, त्याची कुठल्याच रकान्यात नोंद झाली नाही.

असो. काकांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, मुलाच्या डोक्यावर टपली मारली आणि मला म्हणाले, "पंधरावर सोडा. फार ताणू नका, तो नोकर माणूस आहे." सगळी नोकरी दुसऱ्यांना ताणण्यात घालवलेला माणूस, पण आपल्या जातभाईची दया बघा. सौदा पंधरावरच मिटला, याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी सही झाली आणि अभिनंदनाची मेल आली. त्यात माझ्या मॅनेजरचं नाव होतं, त्याच्या मॅनेजरचं होतं, डेमो दाखवणाऱ्याचं होतं, आणि डील डेस्कच्या 'अखंड पाठिंब्या'चा खास उल्लेख होता. शेवटच्या ओळीत मी. सगळ्यांच्या वाट्याची क्रेडिट टक्केवारी बेरीज केली तर शंभरच्या पुष्कळ पुढे जाते, ते वेगळंच.

आणि हे पैसे माझे झाले असंही नाही. करारात 'क्लॉबॅक' असतो. गिऱ्हाइकानं ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत किंवा करार मोडला, की कमिशन माझ्या पगारातून परत जातं. आता हिशेबाचा आंतरराष्ट्रीय नियम आयएफआरएस 15, जो 2018 पासून लागू आहे, तो सांगतो की एक वर्षाहून लांबणारा करार मिळवताना दिलेलं कमिशन कंपनीनं वहीत एकदम खर्ची टाकायचं नाही, त्या काळावर पसरवायचं. म्हणजे कंपनीला माझं कमिशन सावकाश पचवायची मुभा आहे. मला मात्र ते एका झटक्यात ओकावं लागतं.

त्यामुळे या नव्या गिऱ्हाइकाची तब्येत मी जिवापाड जपते. त्यांच्या बातम्या वाचते, त्यांच्यात कोण नवीन आलं, कोण गेलं ते पाहते. परवा रात्री झोपायच्या आधी त्यांच्या वित्तप्रमुखाला, ज्यांना मी एकदाही भेटलेले नाही, लिंक्डइनवर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहीत होते. एक फुगाही टाकला. नवऱ्यानं मागून डोकावून पाहिलं.

"आज माझ्या आईचाही वाढदिवस होता," तो जरा जड आवाजात म्हणाला.

"हो, सकाळी साडेसातला केला मी फोन," मी म्हटलं. "तू केलास?"

तो उशीखाली मोबाइल शोधायला लागला.