‘नळी कानाला लावून टाइमपास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सप्रेम नमस्कार साहेब,

आपला एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी उशिरा मिळाली, घरचं कार्य गाडीशिवाय उरकावं लागलं, आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की आम्हाला जेवण गोड लागत नाही. आपण लिहिलंय तसं ‘यांना काही फरक पडत नाही’ असं नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांची जॅग्वार मार्क टू आहे, ३.४ लिटर, सहा सिलिंडर. आधीच्या कुणा मालकाने पेट्रोल वाचवायचं म्हणून कंपनीचे दोन एसयू कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला पाजणारे) काढून, लोखंडी पाइप वेल्ड करून त्यावर सोलेक्स कंपनीचा एकच कार्बोरेटर ठोकला होता. साहेबांनी विलायतेतून जुना मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतची ॲल्युमिनियमची वाट) आणि एसयूची जोडी मागवली. ती बसवायची आणि ट्यून करायची, हे आमचं काम. त्यांचं म्हणणं असं की पाडव्याला देतो म्हणून अक्षय तृतीया उलटली, बिल फुगलं, गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज चारचं आहे आणि भर दुपारी सोलापुरात सात रस्ता चौकाच्या सिग्नलवर बंद पडली. शेवटी लिहिलंय, “चार नटांचं अर्ध्या दिवसाचं काम. मालक रबरी नळी कानाला लावून तासन्‌तास टाइमपास करतो आणि त्याचे पैसे लावतो.”

बिलाबद्दल जास्त बोलत नाही. वाढीव कामाचा प्रत्येक आकडा आधी फोनवर सांगितला होता, आपण “करून टाका” म्हणालात, पावत्या फाइलला लावून दिल्या आहेत.

नळीचं वाक्य मात्र लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

सहा सिलिंडरला दोन कार्बोरेटर म्हणजे पुढचा पुढच्या तिघांना पाजतो, मागचा मागच्या तिघांना. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एक जास्त आणि एक कमी ओढायला लागला की इंजिन स्लोला (गाडी उभी असताना) थरथरतं, पिकअपला अडखळतं, आणि तीन प्लग काळे, तीन पांढरे निघतात. मागावर एका बाजूचा ताण ढिला राहिला की चादरीला झोळ येतो, तसंच हे. सोलापूरकराला याहून जास्त काय सांगायचं? आता हवा किती जाते हे डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येतं. कार्बोरेटरच्या तोंडाशी नळीचं एक टोक धरायचं, दुसरं कानाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरायची. दोन्हींचा सूर एक होईपर्यंत स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचा. ही युक्ती मी घरी शोधलेली नाही. एसयूच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच तसं करायला सांगितलंय. हवा मोजायचं मीटरही आमच्याकडे आहे, तेही लावलं होतं. पण मीटर लावला की तोच थोडी हवा अडवतो, म्हणून शेवटचा हात नळीनेच.

आणि स्क्रू कोणता, हेही महत्त्वाचं आहे. आपण मला यूट्यूबचा जो व्हिडिओ पाठवला होतात, त्यात तो गोरा माणूस थ्रॉटलचा स्क्रू फिरवून दहा मिनिटांत स्लो लावतो. त्याचे कार्बोरेटर एचएस जातीचे आहेत. आपले एचडी सहा, पावणेदोन इंची. यांच्यात स्लोला थ्रॉटलची पाकळी (हवेची वाट उघडते-मिटवते ती) पूर्ण मिटलेली असते, स्लोची हवा-पेट्रोल बाजूच्या बारीक वाटेने जाते आणि तिला वेगळा स्क्रू असतो. पाकळ्या पूर्ण मिटलेल्या असताना मधल्या दांड्याचे क्लॅम्प आवळायचे, मग तो बाजूचा स्क्रू, मग मिक्श्चर म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, आणि मिक्श्चर हलवलं की परत पहिल्यापासून. मिक्श्चर बघायला कार्बोरेटरच्या खालची पिन हळूच वर दाबून आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनचा आवाज चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, बसायला लागला तर कमी. क्षणभर चढून परत जागेवर आला की बरोबर. हे एका कार्बोरेटरला केलं की दुसरा बिघडतो, कारण दोघं एकच इंजिन चालवतात. बाहेरून बघणाऱ्याला माणूस वाकून उभा आहे, काही करत नाही असंच दिसणार.

एक सांगतो, हे काम मोठमोठ्यांना जड गेलंय. ऑस्टिन-हीली या इंग्लिश कंपनीने १९६१ साली ३००० मार्क टू या सहा सिलिंडरच्या गाडीला तीन-तीन एसयू लावले होते. पुढच्याच वर्षी परत दोनवर आले, कारण तिघांना एका सुरात ठेवता ठेवता लोक वैतागले. खुद्द कंपनीची ही गत, तर अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमधल्या आम्ही अर्ध्या दिवसात कसं करावं?

आता उशीर. नळी हातात घ्यायची वेळ आली तोवर पाडवा होऊन गेला होता हे मान्य, पण त्याआधी काय चाललं होतं ते रिव्ह्यूमध्ये एका ओळीतही नाही.

गाडी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आली. पहिली अडचण आपण स्वतः ऑनलाइन मागवलेल्या रिपेअर किटची. “तुमच्याकडून घेतलं तर महाग पडतं” म्हणून आपण आणलंत, आम्ही हूं की चूं केलं नाही. उघडून बघितलं तर जेटच्या (पेट्रोल जिथून वर येतं त्या बारीक तोटीच्या) बुडाला नायलॉनची नळी. तो जेट एचएसचा. एचडीच्या जेटखाली रबरी पडदा असतो, गोल, मध्ये जेट रोवलेला. किट परत करा, नवीन मागवा, कस्टममध्ये अडकलं, सोडवा. या सगळ्यात फेब्रुवारी गेला. जुनेच पडदे बसवले असते तर गाडी वेळेत मिळाली असती, पण ते बोटाने दाबले तरी कडकड वाजत होते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. तो पडदा फाटला असता तर गरम इंजिनवर पेट्रोल टपकलं असतं, आणि मग आपण एक स्टार दिला असता तोही आनंदाने घेतला असता.

दुसरं, मॅनिफोल्ड. याच्या पोटातून पाणी फिरतं. कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी घालून चालवलेला होता, ॲल्युमिनियम खाऊन पाण्याच्या तोंडाशी खड्डे पडले होते. वरून पॉलिश करून चकचकीत केलेला, त्यामुळे आपल्याला फोटोत कळलं नसणार, त्यात आपला दोष नाही. सपाट काचेवर ठेवला तर एका टोकाखालून फिलर गेजचं पान आरपार जात होतं. असा बसवला तर पॅकिंगमधून हवा मारणार, म्हणजे फटीतून जास्तीची हवा आत ओढली जाणार, आणि हवा मारणाऱ्या मॅनिफोल्डवर जगातला कुठलाही मिस्त्री ट्यूनिंग करू शकत नाही. आर्गॉन वेल्डिंग करून, मशीनवर तासून घेतला. थ्रॉटलच्या स्पिंडलला खडखड होती, तिथूनही हवा मारते, म्हणून लेथवाल्याकडून बुश करून घेतले. आमच्या लेथवाल्याकडे शुगर फॅक्टरीची कामं असतात. हंगामात तो पाच मिनिटांचं कामही पाच दिवसांनी देतो, त्याला मी काय करू?

तिसरं, टप्पीट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप. इनटेकला चार थाऊ, एक्झॉस्टला सहा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, आणि तेही इंजिन पूर्ण गार असताना. आपल्या गाडीत दोन व्हॉल्व्हना काहीच गॅप उरला नव्हता. या इंजिनला स्क्रू-नट नाही, कॅमशाफ्ट काढून बकेटखालचा शिम (पातळ चकती) बदलावा लागतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर त्या सिलिंडरचं ओढणंच कमी होतं, मग कार्बोरेटरला शिव्या देऊन काय उपयोग? टप्पीट, पॉइंट, टायमिंग, हवा मारणं बंद, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. माझे वडील गिरणीमालकांच्या गाड्या सांभाळायचे, त्यांनी हा क्रम मार देऊन शिकवलाय. तो मोडून गाडी पाडव्याला दिली असती तर आपण खूश झाला असतात, जून उजाडेपर्यंत.

त्यात पुस्तकातलं सेटिंग जसंच्या तसं आता चालत नाही. जळायला पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. १९५९ ते ६७ च्या काळात बनलेल्या गाडीचं पुस्तक आजच्या पेट्रोलसाठी लिहिलेलं नाही. त्या आकड्याला जेट ठेवला की इंजिन उपाशी राहतं, गरम होतं. म्हणून तुळजापूर रोडला गाडी नेऊन, चढावर ओढून, जागेवर बंद करून प्लग काढून रंग बघायचा, थोडं बदलायचं, परत जायचं. रिव्ह्यूमध्ये आपण “माझी गाडी घेऊन फिरत होते” असं लिहिलंय, ते हे.

आता धूर, ॲव्हरेज आणि सात रस्ता. या तिन्हींचं उत्तर आपणच रिव्ह्यूसोबत टाकलंय. दुसरा फोटो मोठा करून बघा. डॅशबोर्डखाली डाव्या हाताला आम्ही बसवलेला टॉगल स्विच आहे, आणि त्याची दांडी वर आहे. वर म्हणजे चालू.

बाकीच्यांसाठी: या जॅग्वारला दोन कार्बोरेटरशिवाय एक छोटा तिसरा असतो, फक्त गार इंजिन चालू करण्यापुरता. पाणी पस्तीस अंशांच्या आसपास तापलं की पाण्यातला थर्मोस्टॅट स्विच त्याला आपोआप बंद करतो. आपल्याकडे मे महिन्यात त्याला जेमतेम मिनिटभराचं काम. साहेबांच्या गाडीतला तो थर्मोस्टॅट स्विच मेलेला होता. नवीन यायला वेळ लागणार म्हटल्यावर साहेबच म्हणाले, “हाताने चालू-बंद करायचं बटण द्या, मी सांभाळतो.” दिलं. डिलिव्हरीच्या वेळी दाखवलं, वर पिवळी चिठ्ठीही चिकटवली होती, फोटोत तिचा कोपरा दिसतोय. तो चालू ठेवून गाडी चालवली की तिसरा कार्बोरेटर सतत पेट्रोल ओतत राहतो. मग धूर काळाच येणार, ॲव्हरेज चारचंच मिळणार, आणि सिग्नलला प्लग ओले होऊन गाडी बंद पडणार. पाठवलेल्या व्हिडिओत त्याचा फुस्स असा आवाजही स्पष्ट येतोय, पण तो ऐकायला कान लागतो.

तसंच व्हिडिओत आपण “एक नंबरचा प्लग बघा कसा काळा झालाय” म्हणताय, तो एक नंबरचा नाही. जॅग्वार सिलिंडर मागून मोजते. एक नंबर फायरवॉलजवळ, रेडिएटरकडचा सहा नंबर. आपण सहावा काढलाय. काळा आहे हे खरं, कारण वर लिहिलंच आहे.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगितलं असतं. आपला फोन आला नाही, एकदम रिव्ह्यूच आला. गेल्या आठवड्यात पुण्याहून एका गिऱ्हाइकाची मर्सिडीज येणार होती, त्यांनी रिव्ह्यू वाचून “नंतर बघू” म्हटलंय. आमच्याकडे तीन पोरं कामाला आहेत, त्यांचा पगार अशाच गाड्यांवर निघतो. असो.

सूचना म्हणून जे योग्य आहे ते घेतलंय. यापुढे मुदत लेखी द्यायचा विचार चालू आहे, आणि काम चालू असताना व्हॉट्सॲपवर फोटो टाकत जाऊ, जमेल तसे. वेटिंगसाठी खुर्च्याही बघतोय.

आपली गाडी आमचीच आहे असं समजून सांगतो. स्विचची दांडी खाली करा. सहाही प्लग काढून ब्रशने साफ करा, नाहीतर इकडे आणा, आम्ही करून देतो, त्याचे पैसे नाहीत. मग एक टाकी चालवून ॲव्हरेज काढा. नवीन थर्मोस्टॅट स्विच इंग्लंडहून निघालाय, आला की फोन करतो, त्याचे पैसे आपण आधीच भरलेत. कार्बोरेटरच्या डॅम्परमध्ये (पिस्टनच्या डोक्यावरच्या तेलाच्या नळकांड्यात) तेल टाकायची वेळ आली तर वीस नंबरचंच टाका, गियर ऑइल नको. गुरुवारी गॅरेज बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या आत या, इंजिन गार असताना.